सतरा नंबरच्या शीटवरची विहीर

नाशिक,
९ जून २००२

ती. अण्णा,

फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" याच्या पलीकडे काही बोलत नाही, म्हणून नमस्कार कागदावरूनच करते. तुम्ही रिटायर होऊन सहा वर्षं झाली आणि हे माझं जेमतेम चौथं पत्र, हे मला ठाऊक आहे. आधी रागावून घ्या आणि मग पुढे वाचा.

आपला ड्रॉइंग हॉल गेला. उतरती टेबलं मागच्या आठवड्यात निघाली. तुमचं खिडकीजवळचं टेबल एका शाळेनं नेलं. मी त्याच्या खणातून तुमची पितळी पट्टी तेवढी काढून घेतली, कुणाला सांगू नका. नकाशांच्या नकला निघायच्या त्या अमोनिया प्रिंटच्या खोलीत आता एसी बसवलाय. माणसांसाठी नाही हो, सर्व्हरसाठी. पण हवा दमट झाली की भिंतींतून अजून तो वास येतो, आणि मी वीस वर्षांची होऊन हातात शाईची बाटली घेऊन दारात उभी राहते.

सर्व्हर म्हणजे काय, ते तुम्ही विचारणारच. आपल्याकडे एकाच गावाचे चार नकाशे असायचे, आठवतंय? एक पाटाच्या शाखेत, एक पिण्याच्या पाण्याकडे, एक टंचाईच्या टेबलावर आणि चौथा तालुक्याला, ज्यावर कुणी तरी चहाचा कप ठेवलेला. एकानं बदल केला तर बाकी तिघांना पत्ता नाही. आता नकाशा एकच, त्या थंड खोलीतल्या यंत्रात. सगळ्या टेबलांवरचे कॉम्प्युटर त्याला तारेनं जोडलेत. मी इथे नाला सरकवला की सगळ्यांच्या पडद्यावर सरकतो. तालुक्याला फोनच्या तारेवरून जातो, तेव्हा कधी कधी वाटेत अडकतो, ते सोडा.

खरी बातमी ही की, त्यासाठी जुनी शीटं निवडली, त्यात नामपूरच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यासाठी तुमचं सतरा नंबरचं शीट निघालं. त्र्याहत्तर सालचं. बाकीच्यांची ट्रेसिंगची कापडं आकसलीत, तुमचं तसूभरही हललेलं नाही. कंपनीचा इंजिनिअर, कुंदन नावाचा मुलगा आहे, तो भिंग लावून बघत म्हणाला, "मॅडम, हे हातानं काढलंय?" मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

तुमची,
मालिनी

*

सटाणा,
२१ जून २००२

चि. मालिनी,

चौथं नव्हे, तिसरं. एक नुसतंच पोस्टकार्ड होतं आणि त्यावर तू पत्ता धरून दोन ओळी लिहिल्या होत्यास.

पितळी पट्टी चोरलीस ते बरं केलंस. टेबलाचं वाईट वाटलं. शाळेतली पोरं त्यावर कर्कटकानं नावं कोरतील, कोरू देत. आम्हाला बत्तीस वर्षांत एक अक्षर कोरता आलं नाही.

तुझ्या पत्रानं माझी दुपारची झोप गेली. ते खळ लावलेलं निळसर कापड, त्यावर खडूची पूड घासायची, म्हणजे शाई धरते. श्वास रोखून रेघ ओढायची आणि रेघ संपली की सोडायचा. मी तर म्हणतो, माझं निम्मं आयुष्य श्वास रोखण्यात गेलं. आणि चूक झाली तर ब्लेडनं खरवडायची, नखानं घोटायची, कुणाच्या बापाला कळणार नाही अशी. तुझ्या पहिल्या दिवशी सांडलेली शाई मी तीन दिवस खरवडत होतो.

आता मला हे सांग, शीटाच्या उजव्या कोपऱ्यात 'ढुं.' असं एक अक्षर होतं, ते तुझ्या यंत्रात आहे का? हसू नकोस. माझे वडील रामकुंडावर बसायचे. यात्रेकरूंच्या सात पिढ्यांची नावं त्यांच्या वहीत. बिहार म्हणू नको, कर्नाटक म्हणू नको, पण त्या वहीत त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. मी उपाध्येपण सोडून सरकारी नोकरीत आलो, तर तिथेही दुसऱ्यांच्या विहिरी काढत बसलो. म्हणून आपलं एक अक्षर.

आमच्या चिरंजीवांचं, देवव्रतचं, कॉलेजात शिकवणं सुरू झालं. नात सृष्टी माझ्या चष्म्यावर उभी राहिली, म्हणून अक्षर असं आलंय. त्या सतरा नंबरात डोंगराच्या वरच्या वाड्या पण घेतल्यात का? आवळवाडी वगैरे? सहज विचारलं.

अण्णांचे आशीर्वाद

*

नाशिक,
१८ नोव्हेंबर २००२

ती. अण्णा,

उशीर झाला. पण आता सांगायला पुष्कळ आहे.

कोपऱ्याचं आधी सांगते. शीटं यंत्रात घेताना चारी बाजूंची किनार कापतात, नाहीतर शेजारचं शीट जुळत नाही. तुमचं 'ढुं.' त्यात गेलं. मी कुंदनला म्हटलं, ठेव रे. तो म्हणाला, मॅडम, अक्षराला ग्राउंडवर जागा कुठली द्यायची?

दिवाळीनंतर सर्व्हर चालू झाला. कुंदन मोठ्या तोऱ्यात शिकवत होता, "एक लेअर नद्यांचा, एक रस्त्यांचा, एक विहिरींचा. हवा तो ठेवा, नको तो झाका." मी म्हटलं, बाळा, आमचे अण्णा तीन ट्रेसिंग एकावर एक ठेवून काचेच्या टेबलाखाली बल्ब लावायचे, तेच हे. तो खूश झाला. आता रोज तुमच्या गोष्टी मागतो.

विहिरींचा लेअर मी स्वतः केला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सतरा नंबरात चारशे बारा विहिरी भरल्या. आवळवाडी पण आहे, तिची एक विहीर आहे, वाडीच्या खालच्या अंगाला, पक्क्या रेघेची. तुम्ही पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं ना, "पक्की रेघ म्हणजे जमिनीवर आहे, तुटक रेघ म्हणजे फायलीत आहे." मी पक्क्या तेवढ्या घेतल्या, तुटक सोडल्या. एकदाही तुमच्या शीटावर शंका घ्यावी लागली नाही. दुसऱ्यांच्या शीटांसाठी तीनदा फील्डवर जावं लागलं.

प्रकृती जपा.

मालिनी

*

सटाणा,
२ जानेवारी २००३

चि. मालिनी,

पत्र पोचलं. सगळं वाचून आनंद झाला. तू मोठी झालीस.

थंडी फार आहे. उन्हाळ कांद्याच्या लागणी या साली निम्म्यावर आल्यात, विहिरींना पाणीच नाही. बाजारात भेटेल तो आभाळाकडे बघून बोलतो.

एक विचारतो. त्या यंत्रात समजा एखादी खूण बदलायची झाली, तर ती बदलता येते का? आणि आधी काय होतं ते मागे राहतं का, की आपल्या ब्लेडसारखं साफ होतं? म्हातारपणी उगाच चौकशा सुचतात. घाईनं उत्तर देऊ नकोस.

अण्णा

*

नाशिक,
१४ एप्रिल २००३

ती. अण्णा,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. बदलता येतं, पण मोठ्या साहेबांची मंजुरी लागते आणि 'बदलाचं कारण' असा रकाना भरावा लागतो. जुनं पुसत नाही. कुणी, कधी, काय बदललं ते खाली राहतं. का विचारत होतात?

इथे टंचाईनं सगळ्यांना पळवलंय. पण आपल्या नकाशाचा काय उपयोग झालाय! पूर्वी टँकर कुठे द्यायचा हे ठरायला पंधरा दिवस कागद फिरायचे. आता वाडीच्या भोवती दीड किलोमीटरचा गोल टाकायचा, आत सार्वजनिक विहीर नसेल तर टँकर, असेल तर नाही. एका मिनिटात यादी. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं, अण्णा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

एकाच वाडीनं भांडण काढलं. आवळवाडी. तिथली चांगुणा नावाची बाई दोन एसट्या बदलून नाशिकला आली, सोबत आणखी चौघी. म्हणे, आमच्याकडे विहीर नाही. मी पडदा वळवून दाखवली. म्हटलं, आटली असेल तर आटल्याचा दाखला आणा, टँकर देतो. ती म्हणाली, "ईहीरच नही शे बाई, मंग आटनी कशी?" कुंदन थोडा घोटाळला होता, म्हणाला, जाऊन बघू या का? मी त्याला सांगितलं, हे शीट अण्णांचं आहे. अण्णांची पक्की रेघ खोटी नसते. बहुतेक गाळानं भरली असेल आणि त्यांना उपसायची नसेल. त्या बायका दुपारपर्यंत जिन्यात बसल्या आणि मग गेल्या.

तुम्ही पाहिलीत ना ती विहीर? तुमच्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटेल.

मालिनी

*

सटाणा,
१९ एप्रिल २००३

मालिनी,

देवव्रतनं काल फोन करून तुला निरोप दिला असेल. आवळवाडीला विहीर नाही, टँकर पाठव. एवढंच त्याला सांगितलं होतं. उरलेलं माझ्या हातानंच लिहायला हवं.

ती विहीर मी पाहिलेली नाही, कारण ती कधी नव्हतीच.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये आम्ही तिथे अकरा दिवस मोजणी केली. मी, मोजणीची साखळी ओढणारा चेनमन वाल्मीक आणि आणखी दोघं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. नवसाबाई म्हणून एक बाई होती, तिच्या ओट्यावर आमचा मुक्काम. रोज नागलीची भाकरी आणि तांब्याभर पाणी. पाचव्या दिवशी वाल्मीक म्हणाला, साहेब, ती दोन कोसांवरच्या झिऱ्यावरून आणते, आणि आपल्याला देते ते तिच्या वाट्याचं. त्यानंतर ते पाणी घशाखाली उतरेना, पण नाही म्हणवत नव्हतं.

दुष्काळी कामात वाडीला विहीर मंजूर झाली होती. जागेवर चुन्याची खूण पडली होती. शीट पुरं झालं तेव्हा मी कौतुकानं तिला दाखवलं. हा तुमचा डोंगर, हा नाला, ही विहीर. तिनं तुटक गोलावर बोट ठेवलं. "हाई तुटेल का शे, भाऊ?" मी म्हटलं, तुटक अशासाठी की अजून खणायची आहे. ती म्हणाली, "मंग आखी काढ ना."

मी काढली. ठिपके जोडले, अख्खा गोल केला. मला वाटलं, महिन्याभरात कुदळ लागणारच आहे. आणि तुटक रेघा पुढच्या साली नव्या शीटात गळून जातात, हे मला माहीत होतं. हिची गळू नये, एवढंच मनात होतं. ऑफिसात परतल्यावर शीटाची एक अमोनिया प्रिंट पण तिला पाठवून दिली.

त्या साली पाऊस पडला. दुष्काळी कामं बंद झाली. विहीर राहूनच गेली. आणि माझं शीट साहेबांना इतकं आवडलं की काच लावून भिंतीवर गेलं. मग मी कोणत्या तोंडानं सांगणार? तेवीस वर्षं ब्लेड माझ्या खणात होतं. दोन मिनिटांचं काम होतं. ज्या ज्या वेळी मान वर केली, त्या त्या वेळी ती विहीर दिसली. मी तुला तो नियम शिकवत होतो तेव्हा शीट पाठीमागच्या भिंतीवरच होतं.

जूनमध्येच तुला सांगायला हवं होतं. तुझं कौतुकाचं पत्र हातात होतं, धीर झाला नाही. आपल्या हातानं आपलं चित्र उतरवायला माणूस फार कचरतो, पोरी. मला त्याची लाज वाटते.

ढुंढिराज

*

नाशिक,
१२ मे २००३

ती. अण्णा,

चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

टँकर वीस एप्रिलपासून जातोय. कुंदन आणि मी जीपीएस घेऊन गेलो होतो. यंत्र म्हणालं, इथेच विहीर, पाऊलभरही चूक नाही. पायाखाली खडक होता आणि त्यावर एक बोरीचं झुडूप. कुंदननं यंत्र बंद करून पिशवीत ठेवलं. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मला तुमचा राग आलाय. नवसाबाईला बरं वाटावं म्हणून तुम्ही गोल काढलात, ते मी समजू शकते. कदाचित मीही काढला असता. पण चांगुणाला मी परत पाठवलं, अण्णा. मी. तिला खोटं ठरवलं, तेही तुमच्या नावावर. त्या दिवशी जिन्यातून जाताना मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता ऐका. खूण काढायला साहेबांची मंजुरी मिळाली आहे. फक्त कारणाचा रकाना उरलाय. साहेब म्हणतात, 'विहीर बुजली' असं लिहा, विषय मिटला. कुणावर काही येत नाही. तुमचं शीट उत्तम आहे ते उत्तमच राहतं. मला तेच बरं वाटतंय. इतका राग असूनही तुमच्या नावाला डाग लागलेला मला बघवणार नाही. तुम्ही नुसतं 'हो' म्हणून कळवा.

मालिनी

*

सटाणा,
३ जून २००३

चि. मालिनी,

तुझं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी आवळवाडीला गेलो. देवव्रत म्हणाला, या वयात कशाला आपलं नाव खराब करून घेता? त्याला म्हटलं, तू जीप कुठून मिळेल तेवढंच बोल. वाल्मीक नामपूरला असतो, त्याला बरोबर घेतला. त्याचेही गुडघे गेलेत. दोन म्हातारे शेवटचा चढ बसत बसत चढलो.

नवसाबाई सात वर्षांपूर्वी वारली. चांगुणा तिची सून. मी नाव सांगितल्यावर तिनं आधी पाणी दिलं. टँकरचं होतं. मग आत जाऊन पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यातून लुगड्यात गुंडाळलेली माझी प्रिंट काढली. कडा गेल्यात, रंग उडालाय, पण गोल अख्खा आहे.

मालिनी, मला वाटत होतं माझ्या रेघेनं त्यांचा एक उन्हाळा नासला. तसं नाही. ते लोक तीस वर्षं ती प्रिंट घेऊन ऑफिसं फिरले. बघा, आमची विहीर मंजूर आहे, खणून द्या. आणि दर ठिकाणी टेबलामागचा माणूस गोलावर बोट ठेवून म्हणाला, पक्की रेघ आहे, तुम्हाला विहीर आहे, दुसरी कशी देणार? चांगुणा म्हणाली, "सासू मरापावत म्हने, भाऊनी आखी काढी दिन्ही शे, कधी ना कधी व्हई." म्हणजे मरेपर्यंत ती माझ्यावर भरवसा ठेवून होती. आणि प्रत्येक वेळी अडवणारा मीच होतो.

मी तिच्यासमोर रडलो. तिनं रडू दिलं. वाल्मीक बाहेर जाऊन बसला.

आता तुझ्या रकान्याचं. 'बुजली' लिहू नकोस. बुजायला आधी असावी लागते. आणि तसं लिहिलंस, तर उद्या कुणी तरी म्हणेल, एकदा दिली होती, यांनी बुजवली.

माझ्या वडिलांच्या वहीची एक रीत होती. वहीत खाडाखोड नाही. चुकीचं नाव पडलं तर ते तसंच ठेवायचं, खाली खरं लिहायचं आणि स्वतःची सही करायची. त्या वहीत त्यांचं नाव कुठेच नव्हतं, असं मी तुला लिहिलं होतं, ते खरं नाही. आता आठवलं. होतं, चार-पाच ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी चुकीच्या खाली. मी लहानपणी त्यांना हसायचो आणि मग ऑफिसात येऊन ब्लेडनं खरवडायला शिकलो. तुझं यंत्र वडिलांच्या वहीच्या जातीचं निघालं. बरं झालं.

तेव्हा असं लिही: "येथे विहीर कधीच नव्हती. १९७३ मध्ये मंजूर झालेली, खणलेली नाही. आरेखक ढुंढिराज वामन गायधनी यांनी माहीत असूनही पक्की रेघ काढली." पूर्ण नाव लिही. 'ढुं.' नको.

अण्णा

*

नाशिक,
२७ फेब्रुवारी २००४

ती. अण्णा,

तुम्ही सांगितलंत तसंच, शब्द न् शब्द लिहिलं होतं. साहेब दोन दिवस अडून बसले आणि मग सही केली. तुमच्या शब्दांतला तो शेरा पुढे गेला, त्याबरोबर चांगुणाचा अर्जही. जुनी मंजुरी फायलीत सापडली. परवा नवा आदेश निघाला. पावसाळ्याआधी खणायला घेणार आहेत.

पक्की खूण तेव्हाच काढली होती; आता आदेश निघाला म्हणून काल ती मंजूर विहीर नकाशावर परत घातली. आता तिथे तुटक गोल आहे. त्यावर क्लिक केलं की तुमचं नाव येतं. नाशिकात, तालुक्यात, ज्याच्या पडद्यावर हा नकाशा आहे त्या सगळ्यांना दिसतं. कुंदननं सहज शोधून पाहिलं, अख्ख्या जिल्ह्याच्या नकाशात माणसाचं नाव दुसरं एकही नाही. चारशे अकरा विहिरी तुम्ही बरोबर काढल्यात, तिथे कुठे तुम्ही नाही. नाही त्या विहिरीवर तेवढे आहात. तुमचा शेरा वाचून कुंदन म्हणाला, मॅडम, मला यांना भेटायचंय. मला आधी वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. माझा राग कधी गेला ते मला सांगता यायचं नाही, पण गेला.

आज चांगुणा आदेशाची नक्कल न्यायला आली होती. मी खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्या दिवसाबद्दल तिची माफी मागितली. मग पडदा वळवून विहीर दाखवली. तिनं अगदी तुमच्या नवसाबाईसारखं त्या तुटक गोलावर बोट ठेवलं. मी मनात म्हटलं, आता ही म्हणणार, अख्खी काढ. आणि मला नाही म्हणता येणार नाही.

तिनं बोट उचललं. मग म्हणाली, "आखी नका काढू, बाई. पहिले खंदा."

तुमची,
मालिनी